पेटीवरचें पहिलें बोट

दिवेलागण झाली, शुभंकरोति आटोपली, कीं पुण्यामुंबईच्या एखाद्या माडीवरून भात्याचा श्वास ऐकूं येई आणि पाठोपाठ 'सा रे ग म' हे चार स्वर अडखळत जिना उतरूं लागत. मध्यमावरून बोट घसरे. पुन्हा षड्जापासून प्रारंभ होई. शेजारी कपाळाला आठी घालीत, आजोबा जपमाळ ओढतां ओढतां थांबत, आणि स्वयंपाकघरांतून आईचा आवाज येई, "गंधार चुकला ग!" हें दृश्य मराठी घरांना इतकें परिचयाचें झालें आहे कीं त्याच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं.

परंतु दीडशें वर्षांपूर्वीं एखाद्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या घरीं असें दृश्य दिसणें जवळजवळ अशक्य होतें. वाद्यें नव्हतीं म्हणून नव्हे; वाद्यें पुष्कळ होतीं, आणि तीं वाजविणारे कलावंतहि थोर होते. उणीव होती ती निराळीच. वाद्य शिकण्यास नुसता आरंभ करण्याचा अधिकार सामान्य गृहस्थाला नव्हता. तो अधिकार त्याला कसा मिळाला, आणि त्याची किंमत संगीताला काय द्यावी लागली, याची कथा म्हणजेच हार्मोनियमची, अर्थात् बाजाच्या पेटीची, महाराष्ट्रांतील कथा होय.

त्या काळीं वाद्यविद्या ही घराण्याची मिरास होती. बीन, सतार, सारंगी हीं वाद्यें बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून गंडाबंध शागीर्दाकडे जात. मनगटाला गंडा बांधून घेतल्यावांचून पहिला धडा मिळत नसे, आणि गंडा बांधल्यावरहि तो केव्हां मिळेल हें गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे. पाणी भरणें, पाय चेपणें, निरोप पोंचविणें हा जणू अभ्यासक्रमाचाच पहिला भाग होता. गायनाची स्थिति याहून निराळी नव्हती. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं विद्येसाठीं केवढी पायपीट केली, धारला देवजीबुवांच्या घरीं विद्या घेत असतां गुरुपत्नीच्या रोषामुळें तें घर त्यांना कसें सोडावें लागलें, आणि पुढें वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं ती विद्या त्यांनीं कशी पुरी केली, ही हकीकत संगीतप्रेमी मंडळी अजून सांगतात. ज्याला घरदार सोडून अशी वर्षें वेंचतां येत, त्याच्यासाठींच ती वाट होती. कचेरींतून सहा वाजतां घरीं येणाऱ्या माणसासाठीं ती नव्हती.

या जुन्या पद्धतींत एक मोठा गुण होता, हें मान्य केलें पाहिजे. तिच्यांत बोटापूर्वीं कान तयार होई. शिष्यानें गुरूच्या मागें बसावें, तंबोरा छेडावा आणि ऐकत राहावें. महिनेच्या महिने ऐकून षड्ज आणि पंचम रक्तांत भिनले, म्हणजे मग वाद्य हातीं येई. सारंगीला पडदे नसतात. तांतेला नखाची कड लावून प्रत्येक स्वर स्वतः शोधावा लागतो, आणि जो स्वर कानांत नाहीं तो बोटाला सांपडत नाहीं. सतारीला पडदे असले तरी ते योग्य जागीं बसविणें, तरफा मिळविणें, तार खेंचून मींड काढणें हें सारें कानाच्याच भरंवशावर चालतें. म्हणून नवशिक्याचीं पहिलीं दोन वर्षें त्याला स्वतःला नकोशीं आणि ऐकणाऱ्याला असह्य वाटत. परंतु त्या दोन वर्षांत त्याच्या कानाची पारख पक्की होई.

स्त्रियांची गोष्ट याहून कठीण होती. कलावंतिणींच्या घरीं मुलींना लहानपणापासून कसून तालीम मिळे, आणि विद्या जतन करण्यांत त्या घरांचा वांटा फार मोठा आहे. परंतु ज्या समाजानें त्यांचें गाणें रात्र रात्र जागून ऐकलें, त्याच समाजानें त्यांना मान दिला नाहीं, आणि आपल्या लेकीसुनांना वाद्यास हात लावूं दिला नाहीं. घरांतील बाईनें ओंव्या म्हणाव्या, आरत्या म्हणाव्या. तिनें सतार मांडीवर घेणें मात्र कुळाला बट्टा लावणारें ठरे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बंद दाराला पहिल्या फटी पडल्या. मुंबईंत १८७० मध्यें कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांच्या पुढाकारानें गायन उत्तेजक मंडळी निघाली. पुण्यांत १८७४ मध्यें गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ मध्यें संगीतशाळा सुरू केली आणि चिजा कागदावर लिहितां याव्या म्हणून स्वरलिपीचा पुरस्कार केला. १८६० सालीं जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे हे विद्यार्थिदशेंत मुंबईस वल्लभदास यांच्यापाशीं सतार शिकले, १८८४ मध्यें गायन उत्तेजक मंडळींत आले, आणि पुढें वकिलीची सनद घेऊनहि त्यांचें चित्त संगीतांतच राहिलें. ज्याचा पेशा संगीत नाहीं, ज्याच्या घराण्यांत तें नाहीं, असा सुशिक्षित मनुष्य हातांत वाद्य घेऊन बसतो, ही त्या काळांतील नवी गोष्ट होती. पण अशा माणसांची संख्या अद्याप बोटांवर मोजण्याइतकीच होती. ती वाढविण्यास एक निराळेंच वाद्य कारणीभूत झालें, आणि तें परदेशांतून आलें.

हार्मोनियमचें तत्त्व साधें आहे. धातूची पातळ पाती एका टोकाला घट्ट बसवून दुसरें टोक हवेच्या झोतांत मोकळें सोडलें कीं ती थरथरते आणि नाद उत्पन्न होतो. चीनमधील 'शेंग' नांवाचें प्राचीन वाद्य याच तत्त्वावर वाजतें. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यानें १८४० च्या सुमारास या तत्त्वावरील आपल्या वाद्याला 'हार्मोनियम' हें नांव देऊन त्याचें पेटंट घेतलें. हें वाद्य खुर्चीवर बसून, पायांनीं भाता चालवून, दोन्ही हातांनीं वाजवावयाचें होतें. मिशनरी आणि गोरे अधिकारी यांच्याबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. पुढें शतकाच्या शेवटच्या चरणांत त्याचा भाता पायांखालून निघून पेटीच्या पाठीमागें बसला. या हातभात्याच्या पेटीचें श्रेय सामान्यतः कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांस दिलें जातें.

हा बदल वरवर पाहतां किरकोळ वाटतो, पण त्यानें वाद्याची जातच पालटली. पेटी जमिनीवर आली आणि सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या मंडळींत मिसळली. डावा हात भात्यांत गुंतल्यामुळें एकाच वेळीं अनेक स्वरांचे मेळ वाजविण्याची युरोपीय रीति आपोआप मागें पडली आणि उजव्या हाताला एकेरी सुरावट तेवढी उरली. आपल्या संगीताला हवी होती ती नेमकी एवढीच. शिवाय सतारीचा स्वर छेडल्यावर विरत जातो, तर पेटीचा स्वर भाता चालेल तोंवर गळ्यासारखा टिकून राहतो. त्यामुळें तिच्या संगतीनें गातां येऊं लागलें.

पेटी महाराष्ट्रांत रुळली ती योग्य वेळीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' पुण्याच्या रंगभूमीवर आलें आणि पाहतां पाहतां नाटकांतील पदें घरोघर गुणगुणलीं जाऊं लागलीं. रात्रीं ऐकलेलें पद सकाळीं आपल्यालाहि म्हणतां यावें, वाजवितां यावें, ही हौस मध्यमवर्गाला लागली. सारंगियाला घरीं बोलावणें बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचें आणि प्रतिष्ठेला न मानवणारें होतें. पेटीला मात्र कोणताच पूर्वग्रह चिकटलेला नव्हता. ती कोणत्याहि जातीची नव्हती, कोणत्याहि घराण्याची नव्हती, कोठींतूनहि आलेली नव्हती. तिच्या परकेपणानेंच तिला घराचा उंबरठा ओलांडूं दिला, आणि तिच्यामागून घरांतील मुलीबाळींनाहि संगीतांत पाऊल टाकतां आलें.

नवशिक्याला तर ती मोठीच सोयीची होती. सप्तकांत सात पांढऱ्या आणि पांच काळ्या मिळून बारा पट्ट्या. प्रत्येकीचा स्वर कारागिरानें आधींच लावून ठेवलेला. तार जुळवावयाची नाहीं, खुंटी पिळावयाची नाहीं, बोटाला घट्टे पडावयाचे नाहींत. मुलींनीं काळी चार किंवा काळी पांच षड्ज धरावा, पुरुषांनीं पांढरी एक किंवा काळी एक; मग 'सारेग, रेगम, गमप' असे अलंकार घोंटावे, आणि महिन्याभरांत एखादें सोपें पद बोटांवर यावें. पहिल्या दिवशीं दाबलेली पट्टी पहिल्याच दिवशीं सुरांत वाजते, हा अनुभव दुसऱ्या फार थोड्या वाद्यांनीं नवशिक्याला दिला असेल. ज्याला दिवसाकाठीं अर्धा तास मिळतो, त्याला तेवढ्या अर्ध्या तासांत आनंद देणारें हें वाद्य होतें.

वाद्य आलें, शाळाहि आली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांची दृष्टि लहानपणीं फटाक्यानें अधू झाली, म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवांच्या हवालीं करण्यांत आलें. जुन्या गुरुकुलाचे कष्ट त्यांनीं स्वतः सोसले होते. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय उघडलें आणि १९०८ मध्यें मुंबईस त्याची शाखा काढली. ठराविक वेळ, ठराविक फी, वर्ग, फळा, छापील पुस्तक आणि परीक्षा! गंड्याच्या जागीं प्रवेशपत्र आलें. या वर्गांत स्त्रियांनाहि स्थान मिळालें. पलुसकरांच्या निधनानंतर शिष्यांनीं त्याच वर्षीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें, आणि त्याच्या परीक्षांना विद्यार्थी आजहि बसतात. दुसरीकडे भातखंड्यांनीं गांवोगांव हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून शेंकडों चिजा मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. स्वराखालीं आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खालीं बिंदु म्हणजे मंद्र सप्तक, वर बिंदु म्हणजे तार सप्तक, एवढ्या चार खुणा ज्याला समजल्या, त्याच्यापुढें पिढ्यान्‌पिढ्या झांकलेल्या चिजा उघड्या झाल्या. समोर भातखंड्यांचें पुस्तक, पुढ्यांत पेटी, आणि गुरु आठवड्यांतून एकदां! महाराष्ट्राचा नवा नवशिक्या असा जन्माला आला.

येथवर ही कथा केवळ लाभाची दिसते. परंतु जाणकारांनीं पेटीवर घेतलेला आक्षेप पोकळ नव्हता. गवयाचा शुद्ध गंधार आणि पेटीचा गंधार हे दोन एक नव्हेत. सप्तकाचे बाराशें समान भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या नादांतून आपोआप उमटणारा गंधार ३८६ व्या भागाजवळ येतो. पेटीवरचा गंधार ४०० वर बसविलेला असतो. पंचमांत फरक अवघा दोन भागांचा, म्हणून तो कानाला सलत नाहीं. गंधारांतील चौदा भागांचा फरक सलतो. याचें कारण असें कीं युरोपांत कोणत्याहि पट्टींत वाजवितां यावें म्हणून सप्तकाचे बारा सारखे तुकडे करण्याची रूढि पडली, आणि तीच या पेटींतून आपल्याकडे आली. त्याहून मोठा दोष म्हणजे पेटीला मींड नाहीं. एका स्वरावरून दुसऱ्यावर तरंगत जाणें हा आपल्या रागाचा प्राण, आणि पेटींत तर दोन पट्ट्यांच्या मध्यें कांहींच नाहीं. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार पेटीनें दाखवावा तरी कसा?

हा दोष यंत्रानेंच काढावा असें कांहीं जणांस वाटलें. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यांतील स्वर मोजून बावीस श्रुतींचें गणित मांडलें आणि १९१० मध्यें तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्यानें बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां तिचा प्रयोगहि झाला. परंतु जमलेल्या पंडितांचें आणि गवयांचें समाधान झालें नाहीं. श्रुतींच्या जागांविषयीं त्यांच्यांतच एकवाक्यता नव्हती. शिवाय श्रुति बावीस केल्या म्हणून मींड उत्पन्न होत नाहीं. आणि नवशिक्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ही विद्वानांची पेटी त्याच्या मुळींच कामाची नव्हती. ज्या सोपेपणासाठीं त्यानें पेटी जवळ केली, तोच सोपेपणा बारांच्या बावीस होतांच नाहींसा होत होता.

पुढचा वाद नभोवाणीवर झाला. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फौल्ड्स यांनीं १९३८ मध्यें हार्मोनियमवर कडक लेख लिहिला. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओनें पेटी आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केली, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनींहि त्या बंदीला पाठिंबा दिला. ही बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. १९७१ मध्यें ती प्रथम सैल झाली. या तीन दशकांत मराठी घरांत एक चमत्कारिक प्रसंग नित्य घडत असे. दिवाणखान्यांतील रेडिओवर गवयाच्या साथीला सारंगी किंवा व्हायोलिन वाजे, आणि ज्या वाद्याला त्या रेडिओंत प्रवेश नव्हता, तें आंतल्या खोलींत धाकटी मुलगी परीक्षेसाठीं घोंटीत असे. बंदी घालणारांनीं विचार केला तो मैफिलीचा. तेथें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण आंतल्या खोलींतील त्या मुलीचा विचार त्या वादांत क्वचितच झाला. पेटी नसती तर तिच्या हातीं सारंगी आली असती असें नव्हे; बहुधा कांहींच आलें नसतें.

मग पेटीनें सुरवात करणाऱ्याचा कान कायमचा बिघडतो काय? या प्रश्नाचें उत्तर गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या चरित्रांत मिळतें. कोल्हापुरांत वाढलेल्या या गृहस्थांना संगीताची गोडी लागली ती तेथील देवल क्लबांत. पेटी ते बव्हंशीं स्वतःच्या स्वतः शिकले. कोणा उस्तादाचा गंडा त्यांनीं पेटीसाठीं बांधला नाहीं. म्हणजे आरंभीं ते पेटी पुढ्यांत ओढून बसणाऱ्या हजारों हौशी तरुणांपैकींच एक होते. परंतु ते तेथेंच थांबले नाहींत. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची संगत त्यांना लाभली, आणि रीतसर तालीम नसतांहि बुवांनाच त्यांनीं आपलें गुरु मानलें. भास्करबुवांमुळें अल्लादिया खाँसाहेबांचा परिचय झाला, आणि पुढें टेंब्यांनीं खाँसाहेबांचें चरित्रहि लिहिलें. पट्टीनें दिलेला स्वर आणि थोर गवयाच्या गळ्यांतील स्वर यांतील अंतर ज्याला रोज जवळून ऐकावयास मिळतें, त्याची पेटी पहिल्यासारखी राहत नाहीं. याच साधनेंतून १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली आल्या, आणि त्या महाराष्ट्रानें डोक्यावर घेतल्या. आपल्या या प्रवासाचा वृत्तांत त्यांनीं १९३९ मध्यें 'माझा संगीत व्यासंग' या पुस्तकांत लिहून ठेवला.

टेंब्यांच्या उदाहरणावरून दोन्ही पक्षांचें सत्य आपापल्या जागीं बसतें. पेटीमुळें त्यांना कोणाच्याहि परवानगीवांचून आरंभ करतां आला; जुन्या पद्धतीनें हा आरंभच बहुतेकांना नाकारला असता. परंतु आरंभानंतर त्यांना जें शिकावें लागलें, तें जुन्या पद्धतींतील शिष्य आधींच शिकत असे, आणि तें म्हणजे ऐकणें. जुन्या शिष्यानें आधीं ऐकलें आणि मग वाजविलें. नव्या नवशिक्यानें आधीं वाजविलें आणि मग ऐकावयाचें शिल्लक ठेवलें. क्रम बदलला, हा दोष नव्हे. दुसरा भाग राहूनच जातो, हा दोष आहे. आणि तो पेटीचा नाहीं, पेटी बंद करून उठून जाणाऱ्याचा आहे.

म्हणूनच जे चांगले शिक्षक पेटीवर मुलांना शिकवीत आले, त्यांनीं एक साधी युक्ति जपली. पेटीशेजारीं तंबोरा ठेवावयाचा. मुलाकडून पट्टीवर गंधार धरवावयाचा, तोच स्वर त्याला गळ्यानें म्हणावयास लावावयाचा, आणि तो म्हणत असतांच भाता थांबवावयाचा. पेटीचा आवाज खालीं जातो, खोलींत तंबोऱ्याचा झणकार तेवढा उरतो, आणि मुलाचा स्वर उघडा पडतो. आधार सुटल्यामुळें तो प्रथम गडबडतो. मग क्षणभर चांचपडून तंबोऱ्याच्या गुंजनांत किंचित् खालीं उतरून स्थिर होतो. तो चौदा भागांचा फरक मुलाला कोणीं सांगितलेला नसतो, गणित त्याला ठाऊक नसतें. त्याच्या कानानें तो पहिल्यांदाच स्वतः शोधून काढलेला असतो. त्यानंतर तें मूल पुन्हा पेटीवर बोट ठेवतें, तेव्हां गुरुजींकडे पाहून थोडेंसें नाक मुरडतें. आणि गुरुजी ओळखतात कीं शिकण्यास आतां आरंभ झाला.